एनसीपीएत 'वाहवा' म्हणायची की तोंड दाबून बसायचं?

स्लो_लोकल
नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत सप्टेंबरात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सिझन, मग नोव्हेंबरात जॅझ फेस्टिवल, आणि दरवर्षीप्रमाणे आमच्या घरी वाद सुरू झालाय, म्हणून धागा काढतेय.

आई चौऱ्याहत्तरची. पुण्यात होतो तेव्हा सवाईला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत बसून ऐकलेली बाई. गाणं आवडलं की हात आपोआप वर जातो आणि तोंडातून 'आहाहा' निघतं, त्यात तिचा काही इलाज नाही. मागे तिला एका ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला नेलं (कुठला हॉल ते जाऊ दे), चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी होती. ज्यांनी ऐकलीय त्यांना कळलंच असेल मी कुठे येतेय. तिसरी मूव्हमेंट (चारातला तिसरा भाग) म्हणजे नुसती मिरवणूक, ढोल काय, झांजा काय, सगळं वाढत वाढत जातं आणि धाडकन संपतं. आईने टाळ्या वाजवल्या आणि वर 'क्या बात है' म्हणाली. पुढच्या रांगेतले गृहस्थ वळले आणि असे बघायला लागले की जणू हिने स्टेजवर चप्पल फेकली. शेजारच्या बाईंनी 'श्श' केलं. पुढची अख्खी मूव्हमेंट आई दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली होती. परतीच्या गाडीत मुलुंड गेल्यावर मला म्हणते, "आपलं काही चुकलं का गं?"

तर मुद्दा हा, की दाद देणं हा गुन्हा का? मुंबईतला हॉल, मुंबईतलं पब्लिक, निम्म्याहून जास्त लोक रागदारी ऐकत मोठे झालेले, मग सिम्फनीचे सगळे भाग संपेपर्यंत टाळी नाही हे व्हिएन्नाचे नियम इथे का? माझं म्हणणं, मूव्हमेंट संपली आणि आवडली तर खुशाल टाळी वाजवावी.

पंचम_निषाद
असहमत. आईंबद्दल वाईट वाटलं, ते गृहस्थ उद्धटच होते, त्याबद्दल दुमत नाही. पण नियम बरोबर आहे.

तुम्ही उदाहरण दिलंत त्याच सिम्फनीचं सांगतो. पहिल्या मूव्हमेंटमध्ये एक जागा आहे, क्लॅरिनेट हळू हळू खाली उतरतं आणि शेवटचे चार स्वर चायकोव्हस्कीने 'बसून' नावाच्या खर्जातल्या फुंकवाद्याला दिलेत आणि त्यावर सहा वेळा 'पी' लिहिलाय. एक 'पी' म्हणजे हळू, दोन म्हणजे अगदी हळू, सहा म्हणजे माणूस वाजवतोय की नुसता श्वास सोडतोय ते कळू नये इतकं हळू. बहुतेक ठिकाणी ते स्वर बसूनऐवजी बास क्लॅरिनेटवर वाजवतात कारण बसूनला इतकं हळू जमणं महाकठीण. आणि त्यानंतर लगेच सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर कोसळतो. आता त्या सहा 'पी'च्या वेळी कोणी मनापासून 'वाह' म्हटलं तर काय राहिलं? माइक नाही, स्पीकर नाही. शांतता हेच तिथलं तानपुऱ्याचं जवारीदार षड्ज आहे, ते तुम्ही बंद पाडताय.

आणि तिसऱ्या मूव्हमेंटनंतरची टाळी. तो धडाका खोटा आहे हो! तो विजय नाहीये, पुढची चौथी मूव्हमेंट म्हणजे नुसतं रडू आहे. टाळी न पडता लगेच चौथी सुरू झाली तर ते रडू पोटात जातं. टाळी पडली की मध्ये इंटरव्हल झाल्यासारखं होतं.

स्लो_लोकल
@पंचम_निषाद पण आई चालू असताना बोललीच नाही, संपल्यावर बोलली. सहा पी वगैरे ठीक आहे, तिथे तीही गप्पच होती, तिला काय कळत नाही का कधी गप्प बसायचं ते. विलंबितात कोणी मध्येच शिट्टी मारत नाही आपल्याकडेही.

गप्प_बसा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय 🍿
माझा साधा प्रश्न. ज्याला नरिमन पॉइंटपर्यंत जाऊन दोन तास न खोकता बसायचंय त्याने बसावं. मी कल्याणहून येणार, सीएसएमटीला उतरून टॅक्सीवाल्याला पटवणार, रात्री परत धावत गाडी गाठणार, आणि वर टाळी कधी वाजवायची याची परीक्षा देणार? हे सगळं 'आम्ही कोण आणि तुम्ही कोण' दाखवायचे धंदे आहेत. बाकी संगीत गेलं तेल लावत.

विलंबित
@गप्प_बसा मेट्रो तीनचं विधान भवन स्टेशन झालंय आता, टॅक्सीचं रडगाणं जरा जुनं झालं.

मूळ मुद्द्यावर. पंचमराव जे 'नियम' म्हणतायत तो नियम मोझार्टच्या वेळी नव्हताच. त्याचं ३ जुलै १७७८ चं वडिलांना लिहिलेलं पत्र आहे, पॅरिसमधल्या नव्या सिम्फनीबद्दल. त्यात तो सांगतो की पहिल्या भागात मधेच एक जागा मी मुद्दाम अशी टाकली होती की लोकांना आवडणारच, आणि ती आल्यावर लोकांनी चालू वाजवण्यातच टाळ्यांचा कडकडाट केला. हा माणूस खूश आहे! चिडलेला नाही! कार्यक्रम संपल्यावर खुशीत जाऊन आईस्क्रीम खाल्लं असंही लिहिलंय. म्हणजे आपला तबलजी तिहाई टाकून समेला लोकांकडे बघतो ना, तोच प्रकार. बेथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग १८१३ मध्ये पहिल्यांदा वाजला तेव्हा लोकांनी तिथल्या तिथे वन्स मोअर घेतला होता. बालगंधर्वांच्या नाटकासारखा. हे अंधार करून, देवळात बसल्यासारखं ऐकायचं खूळ नंतरचं, एकोणिसाव्या शतकातलं.

पंचम_निषाद
@विलंबित पत्र अर्धंच सांगितलंत. त्याच पत्रात पुढे शेवटच्या भागाबद्दल लिहिलंय. पॅरिसला शेवटचा भाग सगळी वाद्यं एकदम दणक्यात सुरू करायची फॅशन होती, म्हणून मोझार्टने उलटं केलं, फक्त व्हायोलिनवाले आठ मात्रांचे आठ बार (तालाचे मोजलेले तुकडे) हळू वाजवतात आणि मग एकदम सगळे. आणि हळू सुरू झाल्यावर लोकांनी काय केलं? एकमेकांना 'श्श' केलं! मोझार्टनेच लिहिलंय, त्याला ते अपेक्षितच होतं. म्हणजे शेजारच्या बाईंची 'श्श' पण १७७८ पासूनचीच परंपरा आहे 🙂

विलंबित
@पंचम_निषाद हाहा, हे मान्य, आठ बार मान्य ('आठ मात्रांचे' मात्र नाही, मोजून घ्या). पण मग दोन्ही चालू द्या ना, 'श्श' पण आणि टाळी पण. तुम्हाला फक्त 'श्श' ठेवायचीय.

म्हापशेकार
तुम्ही सगळे ऑर्केस्ट्रावरच अडकलात, जॅझचं कोण बोलणार? बाईंनी वर दोन्ही लिहिलंय. जॅझमध्ये तर सोलो (एकट्याची वाजवायची पाळी) संपला की टाळी वाजवायचीच असते, नाही वाजवली तर वाजवणाऱ्याला वाटतं मेलो.

माझे आजोबा गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वर वाचून गायला) शिकले, पोर्तुगीज काळात गावोगाव असायची तशी शाळा, मग ट्रम्पेट घेऊन मुंबईला. दिवसा फिल्मच्या स्टुडिओत, रात्री हॉटेलात, कधीमधी ऑर्केस्ट्रातही. तीच माणसं आणि तीच वाद्यं, फक्त कोट बदलायचा. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, ताजमध्ये त्यांचा बँड वाजायचा आणि तेच १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांबरोबर होते, पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याचा चितळकर (म्हणजे सी. रामचंद्र) आणि हळदोण्याचा वाझ. त्यांच्यात कोणी विचारलं नसेल टाळी कुठे वाजवायची.

सांगायचं काय, हे 'परदेशी संगीत, परदेशी नियम' मला पटत नाही. आमच्या घरात ते चार पिढ्या आहे. नियम आमचेही आहेत, आणि आम्ही चर्चमध्ये गप्प बसतो आणि लग्नात नाचतो.

धोबीतलाव_१९७८
म्हापशेकारांना +१. मी रंगभवनवाला, धोबीतलावचं ते उघडं थिएटर. १९७८ ची पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, निरंजन झवेरींनी भरवलेला, सॉनी रोलिन्स आला होता. मी तेव्हा कॉलेजात. उघड्यावर बसलेलो, शेजारी कोणीतरी चणे खातोय, वरून कावळे, आणि समोर तो माणूस एकटा सॅक्सोफोन घेऊन वाजवतोय आणि पब्लिक मधे मधे ओरडतंय आणि त्याला आणखी चेव चढतोय. आमच्या मागे एक दाढीवाले सरदारजी होते ते चक्क 'जियो' म्हणत होते. कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल आणि कॉलेजपासून शंभर मीटर सायलेन्स झोन, आणि रंगभवनच्या एका अंगाला झेवियर्स, पलीकडे जीटी आणि कामा. संपलं. जॅझ आता एसी हॉलमध्ये गेलं. खुर्च्या मऊ झाल्या आणि लोक घट्ट झाले.

पंचम_निषाद
@धोबीतलाव_१९७८ काका, आठवणी भारी आहेत, हेवा वाटतो. पण एक सांगा, त्या ओरडण्यात बासचा (ते उभं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) सोलो कधी ऐकू आला का? मी गेल्या दोन-तीन वर्षांत जितक्या जॅझ मैफली ऐकल्या तितक्यांत हेच होतं. सॅक्सवाला संपवतो, टाळ्यांचा पाऊस, आणि त्या टाळ्यांखाली बिचाऱ्या बासवाल्याने सोलो चालूही केलेला असतो, त्याचे पहिले चार बार वाहून गेले. सगळ्यात हळू वाद्य, आणि त्याच्याच वेळी लोकांना घसा खाकरायचा असतो, पाणी प्यायचं असतं, मोबाईल बघायचा असतो. जॅझमध्ये टाळी हवी हे मान्य. पण सवयीने वाजवलेली टाळी ही दाद नव्हे, ती हजेरी झाली. प्रत्येक सोलोला टाळी म्हणजे प्रत्येक आलापाला 'वा वा' म्हणणारे काका असतात ना पहिल्या रांगेत, तसं.

धोबीतलाव_१९७८
बास ऐकू यायचा नाही, खरंय 😄 पण तेव्हा साऊंडवालाही तसलाच होता.

तीनताल_तारा
तबला शिकते, म्हणून एक टाकते. झाकिरभाईंची 'पेशकार' ऐकलीय का कोणी? तबला आणि ऑर्केस्ट्रा, एनसीपीएनेच लिहून घेतली होती, २०१५ ला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने पहिल्यांदा वाजवली. मी रेकॉर्डिंग ऐकताना मला सारखं वाटत होतं की इथे समेवर मी 'वाह' म्हणू की नको, कारण हात तबल्याचे आणि पुढे ऑर्केस्ट्राला हाताने इशारे करणारा कंडक्टर उभा. माझ्या डोक्यात दोन श्रोते बसले होते आणि भांडत होते. एकाच रचनेत व्हायोलिनला गप्प बसायचं आणि तबल्याला मान डोलवायची का? ह्याचं उत्तर पंचमदादांनी द्यावं.

आणि दुसरं, एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० ला बांधलं तेव्हा त्याचं अकूस्टिक्स (हॉलमध्ये आवाज नीट पोचायची रचना) सिरिल हॅरिसने केलं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचंही त्यानेच केलेलं. आता त्या हॉलमध्ये बिनमाइकचं गाणं ऐकू येतं म्हणजे पहिल्या रांगेतल्या काकांचं 'वा वा'पण शेवटपर्यंत ऐकू जातं. हॉल भेदभाव करत नाही, गाणाऱ्याचा खोकला आणि आपला खोकला सारखाच.

पंचम_निषाद
@तीनताल_तारा उत्तर नाहीये माझ्याकडे. मान डोलवा, आवाज होत नाही त्याचा.

गप्प_बसा
शेवटी काय, मान डोलवायची परवानगी मिळाली मंडळी. टाळ्या!

म्हापशेकार
@गप्प_बसा कुठल्या मूव्हमेंटनंतर वाजवल्यात? 😂

विलंबित
@स्लो_लोकल एक व्यवहारी सूचना. कार्यक्रमपत्रिकेत मूव्हमेंटची नावं खाली खाली लिहिलेली असतात, चार असतील तर चार ओळी. आईंना आधी सांगून ठेवा की चार बंदिशी आहेत आणि कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले की मगच. हात हवेत आहेत म्हणजे अजून आवर्तन संपलेलं नाही. आणि चायकोव्हस्कीची ती सहावी परत लागली तर तिसरीनंतर सगळा हॉल चुकतो, जगभर चुकतात, त्यात लाज काय. मला तर वाटतं जे चुकत नाहीत त्यांनी ती आधीच इतकी वेळा ऐकलीय की त्यांना आता धडाका जाणवतच नाही.

पंचम_निषाद
हा शेवटचा टोमणा मला होता हे कळलं. 😐 पण पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही वाजवली होती. दादरच्या एका मित्राने कोपर मारलं. त्यामुळे ठामपणे सांगतो, कोपर मारू नये, 'श्श' करू नये. बाकी माझं मत तेच, शांत बसावं.

स्लो_लोकल
सगळ्यांना थँक्स. आईला अख्खा धागा वाचून दाखवला. सहा 'पी'ची गोष्ट तिला फार आवडली, दोनदा विचारलं की मग इतकं हळू वाजवतात ते मागच्याला ऐकू कसं जातं. मोझार्टच्या आईस्क्रीमवर हसली. पंचमरावांबद्दल म्हणाली, "मुलगा कडक आहे पण कान आहे त्याला." धोबीतलाव काकांनी चणे कुठले खाल्ले ते विचारायला सांगितलंय.

ठरलं असं, की नोव्हेंबरात जॅझला जायचं आधी, तिथे ओरडता येतं म्हणून. ऑर्केस्ट्राचं बघू, कडेची सीट मिळाली तर. मी तिला कंडक्टरच्या हातांचं सांगितलं तर म्हणते, "म्हणजे तो हात खाली घेईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसू? मग ऐकू कधी?"

धोबीतलाव_१९७८
चणे कोणाचे ते आठवत नाही हो, पण कागदाच्या पुडीतले, तिखटमीठ जरा जास्त पडलेले. आईंना म्हणावं जॅझला मीही येतोय, कडेची सीट मलाही हवीय, गुडघ्यामुळे.