मदत हवी आहे: रक्तपेशींतील व्हीईजीएफ आणि मधुमेही रेटिनोपॅथी

नमस्कार. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणाऱ्या इजेवर (रेटिनोपॅथीवर) प्रबंधाचं काम करते आहे. एका मुद्द्यावर जाणकारांचं मत हवंय.

दृष्टिपटलाला ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ हा वाढघटक जास्त बनवतात, नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, जुन्या पाझरू लागतात. डोळ्यातल्या द्रवात हा घटक वाढलेला असतो हे 1994 पासून माहीत आहे. पण तो द्रव प्रत्येक रुग्णाकडून कसा मागणार? म्हणून रक्तातल्या मोनोसाइट आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधला व्हीईजीएफचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकाकडून निघणारा संदेश) क्यूपीसीआरने (त्याच्या प्रती वाढवून मोजणाऱ्या चाचणीने) मोजायचा विचार आहे. सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) प्रथिन मोजणं मला पटत नाही, कारण रक्त गोठताना प्लेटलेट आपल्याकडचा साठा सोडतात आणि आकडा फुगतो.

खरी अडचण संदर्भ जनुकाची आहे, म्हणजे ज्याची पातळी स्थिर धरून बाकीची मोजमापं त्याच्याशी ताडायची त्या जनुकाची. सगळे जीएपीडीएच वापरतात, पण ते ग्लुकोजच्या विघटनातलंच एन्झाइम, शिवाय ऑक्सिजन कमी झाला की त्याची पातळी बदलू शकते. मधुमेही रुग्णांत ते स्थिर धरायचं कसं? तुम्ही कोणतं जनुक वापरलंत? एकच पुरतं की दोन-तीन घ्यावीत?

दुसरं, मोनोसाइट वेगळ्या काढाव्यात की मिश्र पेशी चालतील? मिश्रणात पेशींचं प्रमाण रुग्णागणिक बदलतं, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. तुलनेसाठी निरोगी व्यक्तींसोबत रेटिनोपॅथी नसलेले मधुमेही रुग्णही घेणार आहेच. डोळ्यात व्हीईजीएफरोधक इंजेक्शन झालेले रुग्ण वगळावेत का, तेही कृपया सांगा.