वादळात उडालेली छपरं वाडीतल्याच मुलांना शिकवत बांधायची आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि दुपारच्या दोन-तीन तासांत एकाही घरावर धड छप्पर राहिलं नाही. पाऊस तोंडावर. गवंडी-सुतार टाळेबंदीत आपापल्या गावी गेलेले, कारण बांधकामाला इथे कित्येक वर्षं कर्नाटकातलीच माणसं येतात. मिळेल तो पत्रा चढ्या भावाने आणला, मिळेल त्याच्याकडून ठोकून घेतला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ नुसतं समुद्रातून वर सरकलं, तरी त्यातले बरेच पत्रे सुटले.

काकूंच्या घराचं काम एका ठेकेदाराने केलं होतं. पत्रे उतरवले तेव्हा दिसलं की पत्रा पकडून ठेवणारे हूक बोल्ट नाहीतच, साधे खिळे मारलेत, आणि वासे भिंतीवर फक्त टेकवलेत. वादळात वारा छप्पर दाबत नाही, वर खेचतो. भिंतीला वासा, वाशाला रीप (वाशांवरची आडवी पट्टी), रिपेला पत्रा असं सगळं एकमेकांना जखडलेलं नसेल तर जो जोड कच्चा तिथून छप्पर निघतं. हे त्या वेळी वाडीत एकालाही ठाऊक असतं तर काकूंनी दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले नसते.

म्हणून दिवाळीनंतर चार घरं घ्यायची ठरवली आहेत, दोन कौलारू, दोन पत्र्याची. काम बाहेरच्या टोळीला न देता वाडीतल्या आठ जणांना शिकवत करायचं. त्यात दोन बायका आहेत. आयुष्यभर बिगारी म्हणून घमेली वाहिली, मालाचं प्रमाण नजरेने सांगतात, पण थापी कोणी हातात दिली नाही. सामानाचा खर्च ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा करतेय.

अडलंय ते शिकवणाऱ्यापाशी. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण असतं. लाभार्थ्याचं खरं घर बांधतच शिकवतात, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मला ही पद्धत फार पटते. पण आमची घरं योजनेतली नाहीत आणि काम दुरुस्तीचं आहे. अशा कामावर तुकडी चालवून मुलांना प्रमाणपत्र मिळवून दिल्याचा अनुभव कोणाला आहे का? पंचायत समितीत नेमकं कोणाला भेटायचं?

दुसरं, हजेरीचं, म्हणजे रोजच्या मजुरीचं. शिकाऊ म्हणून कमी दिली तर मुलं आठवड्यात मासेमारीच्या बोटीवर परत जातील, पूर्ण दिली तर चारऐवजी तीनच घरं होतील. तुम्ही काय केलं असतं?

आणि काकूंचा प्रश्न, ज्याला माझ्याकडे उत्तर नाही: "शिकायला माझंच घर सापडलं का रे तुला?" वर चढण्याआधी जमिनीवर एक नमुन्याचं छप्पर बांधून, मोडून, पुन्हा बांधावं असं मनात आहे. पुरेल का तेवढं?

भर: स्लॅब का टाकत नाही, असं दोघांनी विचारलंय. भिंती जुन्या जांभ्या चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या. त्या स्लॅबचं वजन घेणार नाहीत, आणि खाऱ्या हवेत सळी गंजताना आम्ही रोज बघतो. वासे टेकतात तिथे भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवून त्यात बोल्ट पुरायचा विचार आहे. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर असा पट्टा कोणी केला असेल तर कृपया तपशिलात लिहा: रुंदी, सळी, आणि वरच्या दोन थरांचे चिरे काढून सिमेंटमध्ये पुन्हा बसवावे लागले का. फोटो व्यक्तिगत निरोपातून (व्यनि) पाठवलेत तरी चालेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मंडळाची बैठक आहे, त्याआधी सामानाची यादी द्यायची आहे.