काळा घोड्याच्या एनजीएमएने विटेटच्या हॉलची वाट लावली का?

जुना_जेजेकर: एनजीएमएवरची (मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, ‘एनजीएमए बाहेरून देखणी, आतून नुसता गोंधळ, जॉर्ज विटेटच्या हॉलची वाट लावली.’ अहो, वास्तुकार विटेटच्या १९११ सालच्या या कावसजी जहांगीर हॉलचे पुढे काय हाल झाले, ठाऊक आहे का? बॉक्सिंगचे सामने, लग्नं, चपलांचे सेल! शिल्पकार पिलू पोचखानावाला आणि गॅलरीवाले केकू गांधी हात धुऊन मागे लागले म्हणून तो वाचला. वास्तुकार रोमी खोसलांनी बाहेरचं रूप राखून आत एकावर एक मजले घातले, अर्धगोल जिन्यांनी जोडले, थेट घुमटाखाली दालन काढलं. १९९६ साली उघडलं. याला वाट लावणं म्हणतात?

रंगरेषा: हॉल वाचला, कबूल. पण चित्रांचं काय? भिंत गोल, कॅनव्हास सपाट. मोठं चित्र टांगलं की कडा टेकतात, मधे फट राहते. नीट बघायला चार पावलं मागे सरावं तर पाठीला कठडा.

पार्लेकर: चित्रांचं राहू द्या, जिन्यांचं बोला. माझ्या आईचे गुडघे गेलेत. एका गॅलरीत (नाव घेत नाही) तिला टेकायला साधं बाकडं नव्हतं. पायरीवर बसली तर रखवालदाराने उठवलं. ती परत कुठल्याच प्रदर्शनाला आली नाही.

जुना_जेजेकर: धागा इमारतीचा आहे, गुडघ्यांचा नाही.

पार्लेकर: मग इमारत बांधायची कुणासाठी? जरा जपून बोला.

रंगरेषा: पार्लेकरांना माझा पाठिंबा. शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत माणूस रस्त्यावरून सहज आत वळतो. २०१५ पर्यंत तिथे समोवार हे कॅफे होतं, चहा घेऊन निवांत बसता यायचं. म्हातारी माणसं तासन् तास रमायची.

गिरगावचा: समोवार बंद झालं आणि काळा घोड्याला जाण्यातला माझा अर्धा जीवच गेला!

जुना_जेजेकर: समोवारचं दुःख मलाही आहे. पण जहांगीर १९५२ साली गॅलरी म्हणूनच उभी राहिली, कोरी जागा होती. खोसलांना दुसऱ्याच्या कवचात काम करायचं होतं. बाकड्यांचं मान्य, प्रत्येक मजल्यावर हवीत. त्यापलीकडे एक इंच मागे हटणार नाही.

रंगरेषा: इतके मजले हवेच होते का? दोनांत भागवलं असतं तर हॉलची उंची राहिली असती, उंच शिल्पं दिमाखात उभी राहिली असती.

जुना_जेजेकर: आणि उरलेली चित्रं कुठे टांगली असती? ती भिंत दाखवा, मग बोलू.