मदत हवी आहे: घरामागचा गोल्फ कोर्स टाऊनने विकत घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेजवळच्या एका उपनगरात राहते. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही, शेजारीपाजारी मराठी आहेत.) आमची वसाहत अठरा होलच्या एका गोल्फ कोर्सभोवती बांधलेली आहे. घरात कोणीही गोल्फ खेळत नाही. आठ वर्षांत गोल्फशी आलेला संबंध म्हणजे घर घेताना 'व्ह्यू'चे जादा पैसे मोजले आणि दोनदा चेंडू येऊन डेकवरची तुळशीची कुंडी फुटली.

गेल्या हिवाळ्यात मालकाने कोर्स बंद केला. आता फेअरवेवर (खेळायच्या हिरवळीच्या पट्ट्यांवर) गुडघाभर गवत आहे, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यांत) पाणी साचून बेडूक झालेत. आई इथे आली की रोज सकाळी कार्टच्या रस्त्याने फिरायची, तिथे आता साखळी लावली आहे. एका बिल्डरला टाउनहाउसेस बांधायचे आहेत. त्यावर आमच्या एचओएने (घरमालकांच्या संघटनेने) सह्यांची मोहीम काढली आहे: टाऊनने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, कोर्स विकत घ्यावा आणि चालवावा. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. बोलायला माणशी तीन मिनिटं. उत्साहाच्या भरात मी नाव देऊन बसले आणि आता काय बोलू ते सुचत नाही.

मोहीमवाले सांगतात की सरकारी गोल्फ कोर्स ही काही नवी गोष्ट नाही. खरं आहे. न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलँड पार्कमधला सार्वजनिक कोर्स १८९५ पासून चालू आहे. टोरी पाइन्स सॅन डिएगो शहराच्या मालकीचा आहे आणि तिथे २००८ आणि २०२१ अशी दोनदा यूएस ओपन झाली. पण टोरी पाइन्स समुद्राच्या कड्यावर आहे हो, आमचा एका सुपरमार्केटच्या मागच्या भिंतीला लागून! खाजगी मालकाला जो परवडला नाही तो टाऊनला कसा परवडणार, असं विचारलं की म्हणतात, "टाऊनला नफा कुठे कमवायचाय?" बरं, पण गवत कापायला माणसं लागतातच ना?

आणि मनाला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. कोर्सला लागून असलेली घरं मोजकीच. कर मात्र सगळ्या गावाचा. हायवेपलीकडे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याने माझ्या खिडकीतल्या हिरवळीचे पैसे का द्यावेत? हे त्या सभेत बोलले तर शेजारी माझ्याशी बोलणं टाकतील.

नाशिकला बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "अगं, मग आपल्या गोल्फ क्लबसारखं करा की." नाशिककरांना कळेल. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला सगळं गाव गोल्फ क्लब म्हणतं. तिथे मी रणजीचे सामने पाहिलेत, जॉगिंग ट्रॅकवर अर्धं नाशिक पाहिलंय, गोल्फची काठी हातात घेतलेला माणूस मात्र आजवर पाहिलेला नाही.

तर कोणाच्या गावात असं झालंय का? टाऊनने घेतला तर काय झालं, नाही घेतला तर काय झालं? 'गोल्फ नको, पण जागा घ्या' असं म्हणता येतं का?

प्रतिसाद १

ताई, दक्षिण कॅलिफोर्नियातून लिहितोय. आमच्याजवळ एस्कंडिडोत हेच झालं होतं. कोर्स २०१३ मध्ये बंद पडला, लोकांनी सह्या जमवल्या आणि कौन्सिलने ती जमीन मोकळीच राहील असा ठराव केला. विकत न घेता! २०१५ मध्ये कोर्टाने तो ठराव रद्द केला. पुढे तिथे घरांना मंजुरी मिळाली.

लास व्हेगसचं प्रकरण त्याहून महाग. बॅडलँड्स नावाच्या बंद कोर्सवर शहराने बांधकाम अडवून धरलं. त्यातल्या फक्त ३५ एकरांसाठी ४.८ कोटी डॉलर भरपाईचा निकाल लागला आणि नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये कायम केला. म्हणजे 'टाऊनने घेऊ नये, पण बांधूही देऊ नये' हा जो फुकटचा मार्ग सगळ्यांना हवा असतो, तो बहुतेक वेळा नसतोच.

उलट उदाहरण फीनिक्समधल्या अवातुकी लेक्स कोर्सचं. तोही २०१३ मध्येच बंद झाला, पण ती जागा गोल्फसाठीच वापरायची अशी अट मूळ कागदपत्रांत होती. रहिवासी कोर्टात गेले आणि जिंकले. तेव्हा भाषण लिहायच्या आधी काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडून (जमिनीच्या दस्तांच्या नोंदणी कचेरीतून) तुमच्या वसाहतीचं डिक्लरेशन, म्हणजे नियम-अटींचा मूळ दस्त, काढून वाचा. घर घेताना ते मिळालेलं असतं. आपण वाचत नाही, तो भाग वेगळा.

प्रतिसाद २

मी नॉर्थ कॅरोलायनातल्याच एका काउंटीत बजेटचं काम करते (ही काउंटी तुमची नव्हे). कौन्सिलला दोन गोष्टी विचारा. एक, कोर्स एंटरप्राइज फंडात ठेवणार का? म्हणजे त्याचा खर्च त्याच्याच फीमधून निघायला हवा. आणि तूट आली तर ती जनरल फंडातून, म्हणजे सगळ्यांच्या करातून, भरणार का? बहुतेक ठिकाणी रडगाणं इथेच सुरू होतं. दुसरं, राहिलेली डागडुजी. मालक दोन-चार वर्षं तोट्यात असला की तो आधी पाण्याच्या पाइपलाइनवरचा खर्च थांबवतो. पंप, पाइप, ग्रीन्स (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) सगळं नव्याने करायचं तर जमिनीच्या किमतीइतकाच तो आकडा महत्त्वाचा. बॉन्ड काढायचा झाला तर आपल्या राज्यात जनरल ऑब्लिगेशन बॉन्डला (कराच्या जोरावर काढलेल्या कर्जाला) सहसा मतदारांची मंजुरी लागते, म्हणजे हायवेपलीकडचे लोकही मत देतीलच. त्यांचं नाव सभेत पहिल्यांदा तुम्ही घेतलंत तर बिघडत काही नाही.

पार्क करायचं असलं तरी आधी मातीची तपासणी मागा. जुन्या कोर्सेसवर पूर्वी आर्सेनिक असलेली तणनाशकं आणि पाऱ्याची बुरशीनाशकं सर्रास मारत. ग्रीन्सच्या जागी मुलांची घसरगुंडी लावण्याआधी हे कळलेलं बरं.

आणि तळी! ती शोभेची समजू नका. कोर्समधली तळी पुष्कळदा अख्ख्या वसाहतीचं पावसाचं पाणी घेतात. त्यांचा गाळ काढायची जबाबदारी कोणाची, ते कागदात बघा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री डिक्लरेशन काढलं. एकशे बारा पानं. नवऱ्याने चहा करून दिला आणि झोपायला गेला. त्यात स्पष्ट लिहिलंय की गोल्फ कोर्स वसाहतीच्या सामायिक मालमत्तेत येत नाही, तो कायम राहील याची हमी नाही आणि 'व्ह्यू'ची तर नाहीच. त्या पानाच्या खाली माझीच सही आहे. म्हणजे जादा पैसे मी नेमके कशाचे मोजले?

आता तीन मिनिटांत एवढंच बोलणार आहे: टाऊनने गोल्फ चालवायला घेऊ नये. तळी आणि त्यांच्या भोवतीची पट्टी घ्यावी, कार्टचा रस्ता चालायला खुला करावा, आणि हायवेकडूनही आत यायला वाट ठेवावी. उरलेल्या जागेत बिल्डरने बांधलं तर बांधू दे. बाबा खूश झाले. एचओएच्या अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही.

तळ्यांचा मुद्दा मात्र अडलाय. डिक्लरेशनमध्ये 'मालक' एवढाच शब्द आहे, आणि मालक तर जमीन विकून मोकळा होणार. कोणाच्या वसाहतीत अशी तळी टाऊनकडे गेली असतील तर करारात काय लिहून घेतलं होतं, ते कृपया सांगा. सुनावणी चौदा तारखेला आहे.