हौसेपलीकडचे दागिने

दागिने म्हणजे नुसती हौस आणि मिरवणं, असं मत अनेकदा ऐकू येतं. मला ते अपुरं वाटतं. मुंबईपुरतं बोलायचं तर फारच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि लांबतच गेला, तेव्हा लालबाग-परळच्या चाळींतल्या कित्येक घरांतली चूल बायकांच्या पाटल्या, बांगड्या मोडून किंवा गहाण टाकून पेटती राहिली. मंगळसूत्राला हात लागायचा तो सगळ्यात शेवटी. काळे मणी आणि दोन वाट्या, बऱ्याच घरांत एक माहेरची, एक सासरची. त्यात सोनं थोडंसंच, पण ते विकणं जिवावर यायचं.

कोळीणींच्या अंगावरचं ठसठशीत सोनंही त्यांच्या मासळीच्या धंद्यातलं, स्वतःच्या कष्टाचं असतं. ते मिरवलं तर बिघडलं कुठे?

आणि अशा बोलण्यात हक्काचा मुद्दा सहसा कुणी काढत नाही. स्त्रीधन, म्हणजे लग्नात वगैरे बाईला मिळालेले दागिने आणि वस्तू, हे तिच्या एकटीच्या मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. सासरच्यांनी ते सांभाळायला ठेवून घेतलं तरी मालकी बदलत नाही. तरीही ‘लॉकरमध्ये राहू दे, सुरक्षित’ म्हणत मुलींचे दागिने सासूच्या ताब्यात जातात, याचा मला मनापासून राग येतो. लग्नाचे दागिने घेताना पावती मुलीच्याच नावाने करा, हॉलमार्कचा (सोन्याच्या शुद्धतेच्या शिक्क्याचा) अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा क्रमांक त्यावर लिहून घ्या आणि प्रत्येक दागिन्याचा फोटो तिच्याकडे राहू द्या.