मदत हवी आहे: काढलेले तण कुरणात पुन्हा उगवले, सोमवारपर्यंत आराखडा द्यायचा आहे

पाणवठा_७
नमस्कार. नागपूरपासून दोन तासांवरच्या एका संरक्षित क्षेत्रात मी वन खात्यासाठी कंत्राटी जीवशास्त्रज्ञ म्हणून काम करते. गेल्या वर्षी आम्ही ४० हेक्टर कुरणातील तण पूर्णपणे काढले होते आणि या पावसाळ्यात ते पुन्हा कमरेपर्यंत आले आहे. वरिष्ठांनी सोमवारपर्यंत नवा आराखडा मागितला आहे. खात्रीचा उपाय कोणता, एवढेच कृपया सांगावे.

शेतकरी_काटोल
आमच्या धुऱ्यावरच्या गाजर गवतावर मेक्सिकन भुंगेरे सोडले होते आणि पावसाळ्यात त्यांनी पानांची चाळण केली. तुम्हीही तेच करा. खर्च फार येत नाही.

मारवेल
ताई, तण कोणते, हे आपण लिहिलेलेच नाही. काटोलकर दादांचा भुंगेरा १९८०च्या दशकात आपल्या देशात आणला गेला तो गाजर गवतासाठी. दुसरे तण असेल तर त्याचा काहीही उपयोग होणार नाही. कसे काढले आणि कोणत्या महिन्यात काढले, हेही कळले तर बरे होईल.

पाणवठा_७
घाणेरी आणि रानतुळस. आपल्याकडच्या कुरणांबद्दल बोलताना हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. माझ्याकडे चार दिवस आहेत, त्यामुळे कृपया उपायावर बोलावे.

निवृत्त_वनपाल
मी तीस वर्षे जंगलात काढली आहेत. उन्हाळ्यात घाणेरी बुडापासून तोडावी, फुटवा वीतभर झाला की त्यावर तणनाशक मारावे, म्हणजे प्रश्न मिटतो. मजुरांचे हात आणि खात्याचा पैसा, दोन्ही वाचतात.

मारवेल
वनपाल काका, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु हे कुरण चितळांच्या चराईचे आहे आणि तिथले पाणी पुढे नाल्याला मिळत असणार. सगळ्या पाल्यावर चालणारे तणनाशक घाणेरीखालचे शेडा आणि पवन्या या गवतांचे ठोंबही मारते, आणि मोकळ्या झालेल्या त्या जमिनीत सर्वांत आधी रानतुळसच येते.

निवृत्त_वनपाल
फवारणी सगळीकडे करा असे मी म्हटलेले नाही. तोडलेल्या बुंध्यावर ब्रशने लावता येते. अर्थात अभयारण्यात वरच्या लेखी परवानगीशिवाय औषधाचा डबाही नेऊ नये, हे मला मान्य आहे.

अजनी_चौक
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, अंबाझरी तलावातल्या जलपर्णीवर कोणी काही करत आहे का? ती यंत्राने कितीही काढली तरी परत येते. तसेच माझ्या पुतणीला अशा नोकरीत जायचे आहे, तर कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

लालमाती
पुतणीला देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील एम.एस्सी. अभ्यासक्रमाची माहिती घ्यायला सांगा. जलपर्णीसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.

ताई, मारवेल यांचा प्रश्न पुन्हा विचारतो, कारण उत्तर त्यातच आहे. काम कोणत्या महिन्यात झाले? घाणेरी मुळासकट काढली की जमिनीलगत कापली?

पाणवठा_७
निधी जानेवारीत आला आणि ३१ मार्चपूर्वी देयके सादर करायची होती, म्हणून फेब्रुवारीत काम केले. घाणेरी ब्रश कटरने कापली. रानतुळस तेव्हा वाळलेली होती. ती उपटून, ओढत नेऊन नाल्याकाठी ढीग केले आणि जाळले. मोजमाप हेक्टरांत होते आणि ते पूर्ण भरले.

लालमाती
मग हे तण परत आले असे म्हणण्यापेक्षा ते तिथून गेलेच नव्हते, असे म्हणावे लागेल. राग मानू नका, कारण हीच चूक मी दोन हंगाम केली आहे.

रानतुळशीचे बी हिवाळ्यात पिकून झडायला लागते. फेब्रुवारीत वाळलेले झाड ओढत नेले की उरलेले बी वाटभर सांडत जाते. हे बी सब्जासारखे आहे, ओले होताच त्याच्याभोवती चिकट आवरण फुगते आणि पहिल्या पावसात ते मातीला धरून बसते. म्हणून रानतुळस फुले येण्याआधी, माती ओली असताना उपटायची असते. या क्षणी तुमच्या हातात तोच काळ आहे, आणि सोमवारच्या आराखड्यापेक्षा मला त्याची काळजी अधिक वाटते.

घाणेरीचे गणित निराळे आहे. वरून कापली की खोड आणि मूळ जिथे जुळते त्या गाठीतून एकाऐवजी दहा फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी जी पद्धत बसवली आणि कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात जी वापरली गेली, तिच्यात त्या गाठीच्या खाली, जमिनीच्या ३ ते ५ सेंटिमीटर आत कुदळीने मुख्य मूळ तोडतात आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवतात, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. बुलबुलासारखे पक्षी फळे खाऊन ज्या झाडांवर बसतात, त्यांच्याखाली रोपे येतच राहतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षे ती हाताने उपटावी लागतात.

शेतकरी_काटोल
घाणेरीसाठीही कीटक असतीलच ना? एकदा सोडले की दरवर्षी मजूर लावावे लागणार नाहीत.

मारवेल
घाणेरीवर १९२१ पासून आपल्या देशात कीटक सोडून पाहिले आहेत. झुडपे आजही उभी आहेत. ताई, मोकळ्या जागेत त्याच हंगामात मारवेल, शेडा, पवन्या या गवतांचे स्थानिक बी पेरल्याशिवाय आराखडा देऊ नका. रिकामी जमीन तणाला आमंत्रण देते.

पाणवठा_७
हे सर्व मला पटते आहे, आणि आधी अर्धवट लिहिल्याबद्दल क्षमस्व. परंतु माझी खरी अडचण आता लक्षात येते आहे. सप्टेंबरमध्ये माझ्याकडे निधी नसतो आणि फेब्रुवारीत निधी असतो तेव्हा काम करण्यात अर्थ नसतो. हे आराखड्यात कसे मांडावे?

निवृत्त_वनपाल
पोरी, याचे उत्तर माझ्याकडे आहे. रोपवनाच्या अंदाजपत्रकात लागवडीनंतरच्या वर्षांची देखभाल धरलेली असते. त्याच धर्तीवर हे काम पहिले, दुसरे आणि तिसरे वर्ष असे एकाच प्रस्तावात बांध, आणि प्रत्येक वर्षी रानतुळशीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने शब्दांत लिही. नुसते हेक्टर दाखवू नकोस. एक मीटर चौरसाचे कायमचे नमुना-चौकोन आखून रोपांची संख्या आणि गवताचे आच्छादन, ही दोन मोजमापे दे. परवानगीचा कागद जुना असेल तर तोही तपास, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातून झाडोरा काढायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

लालमाती
काकांशी पूर्ण सहमत. ४० हेक्टर एकदम धरू नका. जिथे गवत अजून जिवंत आहे ती कडा आधी घ्या, आणि दाट घाणेरीचा गाभा शेवटी. उद्या कुरणात गेलात तर घाणेरीची वीस-पंचवीस रोपे उपटून पाहा. खाली जुनी जाड गाठ असेल तर तो फुटवा आहे, सोटमूळ बारीक आणि सरळ असेल तर ते बियाचे रोप आहे. त्या प्रमाणावर मजुरांची संख्या ठरेल.

पाणवठा_७
आज दुपारीच जाऊन आले. पंचवीसपैकी एकोणीस जुन्या गाठीवरचे फुटवे निघाले. रानतुळशीला नाल्याच्या बाजूने कळ्या दिसू लागल्या आहेत. प्राथमिक बचाव दलाच्या (वन खात्याला मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाच्या) सहा जणांना दोन दिवस मागितले आहेत, तेवढ्यात नाल्याकाठची पट्टी तरी हाताने होईल. काका, तीन वर्षांच्या अंदाजपत्रकात देशी गवताचे बी गोळा करण्याची मजुरी वेगळ्या बाबीत दाखवावी की पेरणीतच धरावी?