शब्दचर्चा : तर्क, विवेक आणि घरातले निर्णय

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात एक व्याख्यान ठेवायचं चाललंय. घरातले, पैशाचे, नात्यातले निर्णय नीट विचार करून कसे घ्यावेत, बरं-वाईट ठरवताना काय धरून चालावं, असा विषय. फलक मराठी आणि कन्नड दोन्हीत हवा. एकजण म्हणतो 'तर्कशुद्ध जीवन', दुसरा 'विवेकी जीवन', आणि आमचे मास्तर 'बुद्धिप्रामाण्य'वर (बुद्धीला पटेल तेच खरं मानायचं) अडून बसलेत. यांत खरोखर फरक आहे, की नुसतीच ओढाताण?

उत्तर (निपाणी)
'बुद्धिप्रामाण्य' नको. आगरकरांच्या परंपरेतला भारदस्त शब्द आहे, मान्य. पण फलक वाचून येतील ते मास्तरांचे जुने विद्यार्थीच.

उत्तर (खानापूर)
फरक आहे, आणि तो पोथीपेक्षा बोलण्यात जास्त दिसतो. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, 'तर्क' येतो, पण तो स्वतः प्रमाण (खरं ज्ञान मिळवायचं साधन) नव्हे, प्रमाणाचा मदतनीस. घरात मात्र आपण 'तर्क' म्हणतो तो अंदाजाला. 'उगीच तर्क लढवू नको', 'नुसते तर्कवितर्क चाललेत.' शिवाय 'तर्कट' आहेच. तेव्हा 'तर्कशुद्ध' लिहिलंत तर निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढं वकील उभा राहणार.

'विवेक' म्हणजे मुळात वेगळं काढणं. विच् हा धातू, 'विवेचन' त्यातलंच. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात 'मी अविवेकाची काजळी फेडूनि विवेकदीप उजळीं' आहे, म्हणजे शब्द काही कालचा नव्हे.

दोन्हींची कामं कुठं वेगळी होतात ते सांगतो. आमचा जंगलपट्टा. पावसाळ्यात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की आधी मांत्रिक, ही सवय अजून पुरती सुटलेली नाही. 'अमक्याचं मंत्रानं उतरलं' हे वाक्य खोटं नसतं, माणूस जगलेला असतोच. खरं चावला तो साप कुठला? (आमच्या 'खरं'चा अर्थ 'पण', पुणेकरांनी दचकू नये.) सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस मंत्र नसता तरी जगलाच असता. उलट नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांतल्या एखाद्यानं विष सोडलं असेल, तर दवाखान्यातली प्रतिविषाची सुई किती लवकर मिळते यावर जीव अवलंबून. मांत्रिकाकडं दगावलेले मात्र त्याच्या हिशेबात येतच नाहीत. 'उशिरा आणलं' म्हणून ते बाजूला पडतात. जगलेले तेवढे मोजायचे आणि मेलेले सोडून द्यायचे, ही चूक दाखवायला तर्क पुरतो.

आता रात्री शेजारणीचं पोरगं घेऊन निघायचंय आणि तिचा जीव अंगाऱ्यात अडकलाय. तिथं तिला बिनविषारी सापांचं गणित ऐकवायचं, की 'अंगारा गाडीत लाव बाई, गाडी सरकारी दवाखान्याकडं वळवतो' म्हणायचं? मी दुसरं करीन. मुद्दा सोडल्याचं मला वाईट वाटणार नाही. वाद उद्याही घालता येतो. आधी काय आणि मग काय हे ठरवणं, त्याला मी विवेक म्हणतो.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
सर, उदाहरण पटलं. पण 'विवेक' वाटतो तितका निर्मळ शब्द नाही. घरात 'जरा विवेकानं घे' हे कुणाला सांगतात बघा. दंगा करणाऱ्या दिराला कधी नाही. वडील गेले, उताऱ्यावर नावं चढवायची वेळ आली, की बहिणीपुढं हक्कसोडपत्र येतं. चहा होतो, मग मोठा भाऊ म्हणतो, 'अक्का, तुझ्या लग्नात एवढा खर्च केला. आता विवेकानं वाग, सही कर.'

वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीचा वाटा २००५ च्या दुरुस्तीपासून मुलाइतकाच आहे. कर्नाटकानं १९९४ मध्येच तसा बदल केला होता, फक्त त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. म्हणजे अक्का मागते ते दान नव्हे. भावाची मांडणी वरवर बिनचूक दिसते: खर्च झाला, म्हणजे वाटा पोचला. मग धाकट्याच्या इंजिनिअरिंगचा खर्च, थोरल्याच्या लग्नाचा मांडव, तो कुठल्या वहीत लिहिला? हा प्रश्न विचारायला तर्कच लागतो. 'विवेक' त्या घरात तोंड बंद करायला वापरलेला असतो. अक्कानं सगळं समजून, स्वखुशीनं सोडलं तर तिची मर्जी. पण 'स्वखुशी' कागदावर छापलेलीच येते, तिथं मला शंका आहे.

उत्तर (खानापूर)
मॅडम, खोट मान्य, पण म्हणून शब्द त्या भावांच्या ताब्यात का द्यायचा? कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मानसोपचाराची पद्धत मराठीत आणली ती 'विवेकनिष्ठ' या नावानं, आणि तिथं या शब्दात 'गप्प बस' कुठंच नाही. स्वतःच्या मनातल्या 'असंच झालं पाहिजे'ला पुरावा मागायचा, असा तो कडक अर्थ. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी 'विवेकवाद' मांडला तोही असाच. तुम्ही सांगितलेल्या घरात विवेक हवा तो भावाला.

उत्तर (गोकाक)
शीर्षकात 'अंधश्रद्धा' घालू नका एवढंच. ६ डिसेंबरला बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानात राजकारणी सतीश जारकीहोळींच्या पुढाकारानं कार्यक्रम होतो, भूताखेताची भीती मोडायला तो ठीक. तुमचा विषय वाटणी-आजार-कर्जाचा दिसतोय.

उत्तर (अथणी)
कन्नड ओळीत जपा. मराठी शब्द उचलून नुसती लिपी बदलली तर फसाल. 'अनुमान' घ्या. मराठीत पुराव्यावरून काढतो ते अनुमान. कन्नडमध्ये 'ननगे अनुमान इदे' म्हणजे 'मला संशय आहे'. आमच्या बाजारात यावरून भांडणं होतात. 'वैचारिक'चंही तसंच. मराठीत वैचारिक लेख म्हणजे जड लेख, पुढच्या पानावर जाऊ. कन्नडमध्ये 'विचारवादी' म्हटलं की थेट एच. नरसिंहय्यांच्या वाटेचा माणूस. कुलगुरू असताना १९७६ मध्ये बंगळूर विद्यापीठात त्यांनी चमत्कारांच्या चौकशीला समिती नेमली होती. तो शब्द फलकावर आला की लोक देव मानता की नाही यावरच भांडतील, अक्काचा वाटा राहील बाजूला.

'विवेक' मात्र दोन्हीकडं जवळपास एकाच अर्थानं चालतो. 'दैनंदिन बदुकिनल्लि विवेक' (रोजच्या जगण्यात विवेक) अशी ओळ घाला. शेतकऱ्यालाही कळेल, प्राध्यापकालाही.

उत्तर (निपाणी)
'तारतम्य' कुणी कसं सुचवलं नाही? 'तर' आणि 'तम' मिळून झालेला शब्द, अधिक काय आणि सर्वांत अधिक काय ते ओळखणं. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीतला माणूसही वापरतो. अर्थात फलकावर जरा सुकाच दिसेल.

प्रश्नकर्ता (शहापूर)
मग वर 'रोजच्या व्यवहारातला विवेक', खाली अथणीकरांची कन्नड ओळ. मास्तरांसाठी कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बुद्धिप्रामाण्याची ओळख' घालतो, नाहीतर ते अध्यक्ष व्हायला तयार होणार नाहीत. टिळकवाडीच्या मॅडम, हक्कसोडीवर तुम्हीच बोलाल का?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)
बोलेन. खरं बायकांना यायचं असेल तर दुपारी ठेवा, संध्याकाळी सगळ्या चुलीपाशी असतात. आणि भावांनाही बोलवा.